स्वर्गातील गोपनीय शेरा

मनुष्य देव होऊ शकतो, असे कोणी म्हटले तर आपल्याकडे फारसे कोणी दचकत नाही. संतांना देव म्हणण्याची आपल्याला सवय आहे आणि आत्म्याचे परमात्म्याशी नाते सांगणारी महावाक्ये आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे परवा दिल्लीतील आम्हा चार मराठी मंडळींच्या बैठकीत अमेरिकेतील मॉर्मन पंथाचा विषय निघाला, तेव्हा आमच्या एका वडीलधाऱ्या स्नेह्यांनी तो दोन वाक्यांत निकालात काढला. ते म्हणाले, "अहो, यात नवे ते काय? आपल्या ऋषींनी हे केव्हाच सांगून ठेवले आहे!" दुसरे एक गृहस्थ नुसते हसले. मेल्यावर या लोकांना एकेक ग्रह बक्षीस मिळतो, एवढेच त्यांच्या कानांवर आलेले होते. बैठकीत एक ख्रिस्ती स्नेहीही होते. त्यांचा चेहरा उतरला आणि हा शुद्ध पाखंड आहे, असे ते हळूच म्हणाले.

अभिमान, उपहास आणि संताप हे या मतासंबंधीचे तीन ठरीव प्रतिसाद आहेत. तिन्ही सारखेच आळशी आहेत, असे माझे मत आहे आणि ते मांडण्यासाठीच हा लेख लिहीत आहे. मी धर्मशास्त्री नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत फायली चाळणारा एक पदवीधर कारकून आहे. परंतु एखाद्या मताची परीक्षा कशी करावी, याविषयी कचेरीने मला एक गोष्ट शिकविली आहे. परिपत्रकात काय लिहिले आहे, एवढे पाहून भागत नाही. त्या परिपत्रकाच्या आधारे दारावर उभ्या असलेल्या माणसाला आत घेतले की परत पाठविले, हेही पाहावे लागते.

प्रथम ते मत काय आहे, हे नीट समजून घेऊ. ज्यांना आपण सोयीसाठी मॉर्मन म्हणतो त्यांच्या संस्थेचे नाव 'चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स' असे आहे. जोसेफ स्मिथ याने १८३० साली न्यूयॉर्क राज्यात तिची स्थापना केली. त्याचे सर्वांत धाडसी प्रवचन ७ एप्रिल १८४४ रोजी मिसिसिपी नदीकाठच्या नॉवू या गावी झाले. किंग फॉलेट नावाचा एक अनुयायी विहीर खणताना अपघाताने मृत्यू पावला होता. त्याचे निमित्त करून स्मिथ बोलला. पुढे बारा आठवड्यांच्या आत, २७ जून रोजी, कार्थेज येथील तुरुंगात जमावाने त्याला ठार केले. त्या प्रवचनाची शब्दशः प्रत नाही. चौघा जणांनी घेतलेली टिपणे आहेत. ती पंथाच्या प्रमाणग्रंथांत समाविष्ट नाहीत, तरी त्यांचा प्रभाव मात्र खोल आहे.

त्या टिपणांतून दिसणारा विचार थोडक्यात असा आहे. ईश्वर हाही पूर्वी मनुष्यासारखा होता आणि चढत चढत ईश्वरपदास पोहोचला. मनुष्यातील जाणिवेचे मूळ तत्त्व कोणी निर्माण केलेले नाही. ते ईश्वराप्रमाणेच अनादी आहे. आपल्याहून कमी विकसित अशा जीवांना आपल्यासारखे होता यावे म्हणून ईश्वराने नियम घालून दिले. या विचाराची बीजे आधीच पडली होती. प्रज्ञा निर्माण झालेली नाही आणि होऊ शकत नाही, असे १८३३ च्या एका साक्षात्कारात सांगितले होते. लोरेंझो स्नो याने १८४० साली हीच कल्पना दोन ओळींच्या सूत्रात बांधली. १८४२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ एब्राहम'मध्ये जन्मापूर्वीच्या जीवांची सभा आणि जग रचणारे अनेक देव वर्णिलेले आहेत. ईश्वराला अस्थिमांसाचे शरीर आहे, हे १८४३ साली सांगितले गेले. मनुष्याचा जीव ही स्वर्गीय मातापित्यांची संतती असून पृथ्वीवर तो शरीर आणि अनुभव मिळविण्यासाठी येतो, अशी ही एकंदर मांडणी आहे.

आता संतापाचा समाचार घेऊ. ख्रिस्ती आक्षेपकांचे म्हणणे असे की, निर्माता आणि निर्मित यांच्यामधील दरी बुजविणे म्हणजे ईश्वराचा अपमान होय. हा आक्षेप पोकळ नाही. ईश्वराने जग शून्यातून निर्माण केले, हे मत ख्रिस्ती परंपरेत दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धापासून रुजत गेले आणि तेच त्या परंपरेच्या ईश्वरकल्पनेचा पाया ठरले. स्मिथ नेमका तो पाया नाकारतो. परंतु मनुष्याने देवासारखे व्हावे, ही कल्पनाच ख्रिस्ती धर्माला परकी आहे असे मात्र कोणी म्हणू नये. चौथ्या शतकातील अलेक्झांड्रियाचा बिशप अथनेशियस याने ईश्वराच्या मनुष्यावताराचे प्रयोजनच असे सांगितले की, मनुष्याला देवत्वाचा वाटा मिळावा. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स चर्च आजही ही शिकवण जपते. तेव्हा भांडण ध्येयाविषयी नसून मुळाविषयी आहे. अथनेशियसच्या मते मनुष्य कृपेने वर उचलला जातो आणि तरीही निर्मितच राहतो; स्मिथच्या मते तो पहिल्यापासून ईश्वराच्याच जातीचा आहे. हा भेद स्पष्ट मांडावा आणि त्यावर वाद घालावा. नुसता 'पाखंड' हा शब्द उच्चारल्याने कोणत्याच प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

उपहासाला तर उत्तर देण्याचीही गरज नाही. ग्रह वाटले जाण्याचे चित्र हे व्यंगचित्र आहे, हे खुद्द चर्चने २०१४ साली या विषयावर प्रसिद्ध केलेल्या निबंधात सांगितले आहे. उलट मला त्या चर्चचा दोष दुसऱ्याच बाजूला दिसतो. १९९७ साली त्याचे तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन हिंक्ली यांना पत्रकारांनी, ईश्वर पूर्वी मनुष्य होता काय, असे विचारले. तेव्हा ही गोष्ट आपण शिकवितो की नाही हेही आपल्याला सांगता येत नाही, अशा आशयाचे गुळमुळीत उत्तर त्यांनी दिले. ज्या विचारासाठी मूळ पुरुषाने अवघ्या जगाचा रोष पत्करला, त्याची मालकी सांगताना वारसांनी अडखळावे, हे शोभत नाही. मत चुकीचे वाटत असेल तर सोडावे. खरे वाटत असेल तर सांगावे.

मनुष्याच्या शरीराच्या उत्पत्तीविषयी याच अडखळण्याचा इतिहास अधिक लांबलचक आहे. १९०९ साली चर्चच्या सर्वोच्च मंडळाने अधिकृत निवेदन काढून आदम हाच पहिला मनुष्य असे प्रतिपादले आणि मनुष्य खालच्या प्राण्यांपासून उत्क्रांत झाला हा माणसांचा तर्क होय, असे म्हटले. १९११ मध्ये प्रोव्हो येथील त्यांच्याच ब्रिगहॅम यंग विद्यापीठात उत्क्रांतिवाद आणि बायबलची चिकित्सा शिकविणाऱ्या प्राध्यापकांना नोकरी सोडावी लागली. १९३१ मध्ये बी. एच. रॉबर्ट्स आणि जोसेफ फील्डिंग स्मिथ या दोन ज्येष्ठांमध्ये आदमपूर्व मानवांविषयी वाद पेटला, तेव्हा मंडळाने भूगर्भशास्त्र, जीवशास्त्र आणि मानववंशशास्त्र हे विषय त्या त्या शास्त्रज्ञांवर सोडावेत असा शहाणा निवाडा दिला. तरीही १९५४ मध्ये जोसेफ फील्डिंग स्मिथ यांनी उत्क्रांतिवादाविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिलाच. त्याच पंथाचे नामवंत रसायनशास्त्रज्ञ हेन्री आयरिंग यांना तो पटला नाही. आज त्याच विद्यापीठात उत्क्रांतिवाद रीतसर शिकविला जातो.

या सर्व प्रकारात मला एक विलक्षण विसंगती दिसते. जो पंथ साक्षात् ईश्वरालाही पायऱ्या चढून वर आलेला मानतो, त्याला मनुष्याचे शरीर पायऱ्या चढून वर आले हे ऐकून लाज का वाटावी? शून्यातून एका क्षणात सर्व काही निर्माण झाले असे मानणाऱ्यांनी डार्विनला भ्यावे, हे समजू शकते. पण क्रमविकास हेच विश्वाचे शील आहे, असे मानणाऱ्यांनी तरी तसे भिण्याचे कारण नव्हते. ही भीती त्यांच्या स्वतःच्या तत्त्वज्ञानातून आली नव्हती. ती शेजारच्या घरातून उसनी आणलेली होती.

आता आपल्या अभिमानाकडे वळतो, कारण माझे खरे भांडण त्याच्याशीच आहे. हे मत म्हणजे वेदान्त नव्हे. अद्वैतात जीवाचे वेगळेपण हाच भ्रम ठरतो. मॉर्मन मतात ते वेगळेपण कधीच संपत नाही. तेथे पती पतीच राहतो, पत्नी पत्नीच राहते, कुटुंब अनंतकाळ टिकते आणि सर्वोच्च पदाची वाटच मुळी विवाहातून जाते. वेदान्ताचे ब्रह्म निराकार, तर त्यांचा ईश्वर सदेह. जीव अनादी, अनेक आणि स्वप्रयत्नाने पूर्णत्व पावणारा, एवढ्यापुरते पाहिले तर साम्य जैन दर्शनाशी अधिक आहे. पण जैनांचा सिद्ध देहमुक्त असतो आणि आज्ञा देणारा जगन्नियंता जैन मानीत नाहीत. मॉर्मनांचा पूर्वजीवनाचा सिद्धान्त म्हणजे पुनर्जन्मही नव्हे. पृथ्वीवरील जन्म एकच. त्याआधी जीव ईश्वराच्या सान्निध्यात होता, एवढेच ते मानतात. 'हे तर आमचेच' म्हणणाऱ्याने ना त्यांचा ग्रंथ वाचलेला असतो, ना स्वतःचा.

परंतु एका ठिकाणी मात्र आपण आणि ते खरोखरच सारखे आहोत. ते साम्य अभिमानाने मिरविण्याजोगे नाही.

पूर्वजीवन मानण्याचा एक मोठा बौद्धिक लाभ असतो. ईश्वराने प्रत्येक जीव नवा घडविला असे म्हटले, की एक बालक राजवाड्यात आणि दुसरे गुलामांच्या खोपटात का जन्मले, याचा जाब ईश्वरालाच द्यावा लागतो. जीव आधीपासूनच होता, त्याने काही बरेवाईट केले होते, असे म्हटले की ईश्वर सुटतो. पण दोष नाहीसा होत नाही. तो नुसता हलतो. ईश्वराच्या खात्यातून निघून तो सोसणाऱ्याच्या खात्यात जमा होतो. अशा नोंदीची सोय झाली, की तिचा उपयोग करणारे हात लवकरच पुढे येतात.

मॉर्मन इतिहासात नेमके हेच घडले. जोसेफ स्मिथच्या हयातीत, १८३६ साली, एलायजा एबल नावाच्या कृष्णवर्णीय गृहस्थास पौरोहित्याची दीक्षा मिळाली होती. पण १८५२ मध्ये स्मिथचा उत्तराधिकारी ब्रिगहॅम यंग याने आफ्रिकी वंशाच्या पुरुषांना हा अधिकार मिळणार नाही, असे जाहीर केले. मंदिरातील ज्या विधींवाचून सर्वोच्च पद मिळत नाही, त्या विधींची दारेही कृष्णवर्णीय स्त्रीपुरुषांना बंद झाली. समर्थनासाठी प्रथम बायबलातील केनच्या शापाचा आधार घेतला गेला; पुढे पूर्वजीवन मदतीला आले. या लोकांनी जन्मापूर्वीच्या संग्रामात पुरेसे शौर्य दाखविले नसावे, असे प्रतिष्ठित नेते लिहू-बोलू लागले. जीवाच्या पूर्वजीवनातील वर्तनाचा त्याच्या ऐहिक परिस्थितीवर परिणाम होतो, हे तत्त्व १९४९ च्या अधिकृत निवेदनात या निर्बंधाच्या संदर्भात स्पष्टपणे मांडले गेले.

जेन मॅनिंग जेम्स या बाईची कथा या संदर्भात सांगितलीच पाहिजे. ही कनेक्टिकटमधील मुक्त कृष्णवर्णीय स्त्री. १८४३ मध्ये बफेलो येथे बोटीत जागा नाकारली गेली, तेव्हा ती आपल्या कुटुंबीयांसह शेकडो मैल पायी चालत नॉवूला पोहोचली. तिने जोसेफ स्मिथच्या घरी काम केले आणि १८४७ मध्ये यूटाच्या वाळवंटी प्रदेशात पहिल्या वर्षीच्या वसाहतवाल्यांबरोबर ती गेली. म्हातारपणी तिने चर्चच्या प्रमुखांकडे पुनःपुन्हा अर्ज केले की, मंदिरातील विधी आपल्यालाही मिळावेत. ते मिळाले नाहीत. शेवटी १८९४ मध्ये एक खास विधी करून तिला अनंतकाळासाठी जोसेफ स्मिथच्या कुटुंबाशी जोडण्यात आले. पण कन्या म्हणून नव्हे, तर सेविका म्हणून. त्या विधीलाही तिला मंदिरात प्रवेश नव्हता. तिच्या वतीने दुसरी गौरवर्णीय स्त्री उभी राहिली. १९०८ मध्ये जेन वारली. १८८४ पासून ती जे मागत होती, ते तिच्या नावे १९७९ साली, मृत्यूनंतर एकाहत्तर वर्षांनी, प्रतिनिधीकरवी पार पडले.

प्रत्येक मनुष्य देव होऊ शकतो, असे सांगणाऱ्या मंदिरात एका स्त्रीला अनंतकाळासाठी मोलकरीण करण्यात आले! यापुढे ईश्वराला अस्थी आहेत की नाहीत, हा वाद मला दुय्यम वाटतो.

येथे माझ्यातला कारकून बोलल्यावाचून राहत नाही. आमच्या नोकरीत वार्षिक गोपनीय अहवाल नावाचा एक प्रकार होता. वरिष्ठ त्यात शेरे लिहीत आणि त्यावर बढती अवलंबून असे. त्या जुन्या पद्धतीतही एक किमान नियम होता: शेरा प्रतिकूल असेल तर तो संबंधित कर्मचाऱ्याला कळविला पाहिजे आणि त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिली पाहिजे. २००८ साली देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याही पुढे जाऊन प्रत्येक शेरा कळविला पाहिजे, असे सांगितले. आता संपूर्ण अहवालच कर्मचाऱ्याला दाखवावा लागतो. न कळविलेल्या शेऱ्यावरून कोणाचे नुकसान करणे हा अन्याय आहे, एवढे साधे तत्त्व आमच्यासारख्या रूक्ष कचेरीलाही कळते. मग जो शेरा जन्मापूर्वी लिहिला गेला, ज्याची कर्मचाऱ्याला आठवणही राहू दिलेली नाही, ज्याविरुद्ध कोठे अपील नाही, आणि जो वाचण्याचा एकमेव पुरावा म्हणजे त्याच्या कातडीचा रंग, त्या शेऱ्याला न्याय कसे म्हणावे? तो वाचून दाखविणारेही तेच, ज्यांची जागा त्या शेऱ्यामुळे सुरक्षित राहते.

वाचकहो, हा प्रश्न सॉल्ट लेक सिटीला विचारून आपण मोकळे होणार असू, तर तो न विचारलेला बरा. पूर्वजन्मीच्या पातकाने अमक्या जातीत जन्म आला, हा शेरा आपण किती शतके वाचून दाखविला? सर्वांभूती एकच आत्मा पाहणाऱ्या आपल्या समाजात चोखोबाला मंदिराच्या दाराबाहेर राहावे लागले. पंढरपूरचे तेच दार अस्पृश्य मानलेल्यांसाठी उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले. अद्वैताने ते दार आपोआप उघडले नाही; माणसांनी झगडून उघडले. मॉर्मनांचे दारही अनादी प्रज्ञेच्या सिद्धान्ताने उघडले नाही. ते जून १९७८ मध्ये उघडले, अमेरिकेचा नागरी हक्क कायदा होऊन चौदा वर्षे लोटल्यावर. आमच्या वडीलधाऱ्या स्नेह्यांना मी आदरपूर्वक सांगेन की, आपले आणि त्यांचे साम्य शोधायचेच असेल तर ते येथे शोधावे.

यावर एक रास्त आक्षेप येईल: चर्चने २०१३ मध्ये अधिकृत निबंध काढून हे सारे तर्क नाकारले आहेत; कृष्णवर्ण हा पूर्वजीवनातील दुर्वर्तनाचे चिन्ह आहे हे मत आपल्याला मान्य नाही, असे स्पष्ट लिहिले आहे; मग जुनी मढी उकरण्यात काय अर्थ? नाकारले, हे चांगलेच झाले. ते मी अभिनंदनीय मानतो. पण त्या निबंधात क्षमायाचना नाही. शिवाय हा निष्कर्ष सोडला, तरी ज्या चाकोरीतून तो निघाला ती चाकोरी अजून आहे. सोसणाऱ्याच्या सोसण्याचे कारण त्याच्याच अज्ञात भूतकाळात शोधण्याची सवय कोणत्याही धर्मात आणि कोणत्याही दिवशी पुन्हा जागी होऊ शकते. रंगाच्या बाबतीत ती लाजली, म्हणून रोग, दारिद्र्य किंवा अपंगत्व यांच्या बाबतीत लाजेलच असे नाही. आपल्या घरी एखादे मूल पांगळे जन्मले की शेजारीण काय पुटपुटते, हे आपण सर्वांनी ऐकले आहे.

याचा अर्थ, मनुष्य देवासारखा होऊ शकतो हा विचारच टाकून द्यावा काय? मला तसे वाटत नाही. मनुष्य हा कोणाच्या लहरीने घडलेले खेळणे नसून त्याच्यात वाढीला अंत नसलेले काही आहे, हे म्हणणे मला मनापासून भावते. त्याबद्दल जोसेफ स्मिथला मोठेपणा देण्यास मी कचरत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, या विचाराचे तोंड नेहमी पुढे असावे, मागे नसावे. समोरचा माणूस काय होऊ शकतो, हे सांगण्यासाठी तो वापरावा. तो असा का जन्मला, हे सांगण्यासाठी वापरू नये. पहिल्या उपयोगाने आपल्यावर कर्तव्य येते. दुसऱ्याने आपली त्यातून सुटका होते, आणि अशी सुटका देणाऱ्या सिद्धान्ताकडे संशयानेच पाहिले पाहिजे.

या पंथाचे प्रचारक १८५० च्या दशकात कलकत्ता, मुंबई आणि पुण्यापर्यंत येऊन गेले होते. त्यांना फारसे यश आले नाही. २०१८ मध्ये त्यांनी बंगळूर येथे मंदिर बांधण्याची घोषणा केली आहे. तेव्हा उद्या त्यांचा एखादा तरुण प्रचारक आपल्याही दारी येऊन उभा राहील. त्याला हसू नये, हाकलू नये आणि 'हे तर आमचेच' असे म्हणून गप्पही करू नये. त्याला बसावयास सांगावे, चहा द्यावा आणि जेन मॅनिंग जेम्स हिच्याविषयी विचारावे. मग त्याने उलट चोखोबाविषयी विचारले, तर उत्तर देण्याची तयारी आपलीही असावी.